जुनी खेळणी गोळा झाली. दुरुस्त कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील जुनी खेळणी कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रावर आणून द्यावीत, असे आवाहन शहरोशहरीच्या नगरपालिका आणि महापालिका अधूनमधून करत असतात. मे 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ या मोहिमेत ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल; म्हणजे वापर कमी, पुनर्वापर, पुनर्प्रक्रिया) केंद्रे सुरू झाली, तेव्हा जुने कपडे, पुस्तके आणि चपला-बूट यांच्या बरोबरीने खेळण्यांनाही त्यांत जागा देण्यात आली. योजना चांगली आहे आणि नागरिकांचा प्रतिसादही चांगला आहे. परंतु खेळणे गोळा झाल्यावर ते दुसऱ्या मुलाच्या हाती जाईपर्यंत मध्ये जे काम करावे लागते, त्याची तरतूद निदान मी पाहिलेल्या केंद्रावर तरी नव्हती. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साडी किंवा गोष्टीचे पुस्तक जसे आले तसे पुढे देता येते. कापडी बाहुल्या आणि टेडी यांचे तसे नाही. एक डोळा निखळलेले अस्वल, पाठ उसवलेला ससा किंवा खांद्यापासून लोंबणाऱ्या हाताची बाहुली कोणी उचलून नेत नाही. आमच्या शहरातील केंद्रावर अशा खेळण्यांची पोती भिंतीशी रचून ठेवलेली होती, आणि पावसाळ्यात त्यांना जो कुबट वास आला त्यानंतर ती कचऱ्याच्या गाडीत चढवण्यावाचून तेथील कर्मचाऱ्यांपुढे दुसरा मार्ग राहिला नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण सुईदोरा हाती धरणारे माणूस तेथे नेमलेलेच नव्हते.

भंगारवाला रद्दी घेतो, लोखंड घेतो, कडक प्लास्टिकही घेतो. टेडी मात्र घेत नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. वरचे केसाळ कापड पॉलिएस्टरचे, आतील भरणही पॉलिएस्टरचे (दुकानात त्याला सरसकट ‘रेक्रॉन’ म्हणतात), डोळे आणि नाक निराळ्या प्लास्टिकचे, काहींच्या पोटात आवाजाची डबी आणि बॅटरी. हे सारे वेगळे करण्याची मजुरी त्यातून निघणाऱ्या मालापेक्षा अधिक होते. त्यामुळे या खेळण्यांपुढे दुरुस्ती किंवा डेपो असे दोनच रस्ते उरतात.

मी शिवणकामाचे वर्ग घेते आणि ओळखीपाळखीतून येणारी बाहुल्या-टेडींची दुरुस्तीही करते. त्या अनुभवावरून सांगते की बहुतेक मोडतोड अगदी किरकोळ असते. टेडी मशीनवर उलटा शिवतात, मग सुलटा करून पाठीकडे किंवा पोटाखाली ठेवलेल्या फटीतून भरण भरतात आणि ती फट शेवटी हाताने मिटवतात. नेमकी हीच हातशिवण बहुधा प्रथम उसवते. ती वरून गुंडाळ टाके घालून शिवली तर वळ उठतो आणि मूल तेथेच बोट घालून पुन्हा उसवते. त्याऐवजी दोन्ही कडा आत दुमडाव्यात, एकदा या घडीच्या आतून आणि एकदा त्या घडीच्या आतून असे समोरासमोर टाके घेत जावे आणि चार-पाच टाक्यांनी दोरा हळूच ओढावा; फट मिटते आणि दोरा दिसत नाही. शेवटी सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस बाहेर काढले की शिवण कोठे आहे हे शोधावे लागते. सैल झालेले हातपाय घट्ट करायला दाभण लागते: ते एका खांद्यातून थेट दुसऱ्या खांद्यात काढायचे आणि दोरा ताणून गाठ आत लपवायची.

भरण तपासणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. काही जुन्या खेळण्यांत फोमचे तुकडे भरलेले असतात. वर्षे लोटली की त्यांची पिवळी भुकटी होते आणि ती शिवणीतून झरू लागते. असे भरण पूर्ण काढून टाकावे लागते. त्यात थोडे नवे मिसळून वेळ मारून नेणे मला मान्य नाही. लाकडाचा कीस किंवा भुसा भरलेली फार जुनी बाहुली पाण्यात बुडवू नये, कारण भरण आतून वाळत नाही आणि कुजते. पॉलिएस्टरचे भरण असले तरी आपल्या पावसाळ्यात धुतलेला टेडी वरून कोरडा आणि पोटात ओला राहतो. म्हणून मी शिवण उघडून भरण वेगळे करते, नुसती खोळ धुते आणि दोन्ही खडखडीत वाळल्यावरच पुन्हा भरते. धुळीतील सूक्ष्म किडी मारण्यासाठी 60 अंश सेल्सिअसचे पाणी लागते. ज्या खोळीला ते सोसत नाही ती धुण्यापूर्वी बंद पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावी.

येथे एक भेद करायला हवा. संग्राहकाकडील जुनी बाहुली आणि अंगणवाडीत जाणारी बाहुली यांची दुरुस्ती एकसारखी नसते. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीने 1904 पासून आपल्या खेळण्यांच्या कानात धातूचे बटण बसवायला सुरुवात केली. असे जुने अस्वल हाती आले तर त्याचे बटण, मूळ डोळे, इतकेच काय पण झिजलेला फरसुद्धा जपावा आणि शक्य तितके कमी काम करावे. सेल्युलॉइड या जुन्या काळच्या प्लास्टिकच्या बाहुल्या तर जाणकाराकडेच द्याव्यात. सेल्युलॉइड झटकन पेट घेते आणि जुने झाले की त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू शेजारच्या वस्तूही खराब करतात. मुलांकडे जाणाऱ्या खेळण्यात मात्र जुनेपणाची भीड धरण्याचे कारण नाही. तारेवर बसवलेले काचेचे डोळे कितीही सुंदर असले तरी ते काढून जाड दोऱ्याने डोळे भरावेत. प्लास्टिकचे नवे डोळे मागून चकती बसवून पक्के करता येतात, पण अंगणवाडीतील मुलांची धाकटी भावंडेही तेच खेळणे तोंडात घालतात, म्हणून माझा कौल भरलेल्या डोळ्यांनाच आहे.

नव्या खेळण्यांसाठी शासनाने या बाबतीत कडक धोरण घेतले आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटणारा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याजोगा मानतात. दान म्हणून वाटल्या जाणाऱ्या जुन्या खेळण्यांकडे मात्र अशा नजरेने कोणी पाहत नाही. दुरुस्तीच्या धोरणातही खेळणी राहूनच गेली. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने यांचा विचार झाला. खेळण्याला सुटे भाग फारसे लागत नाहीत, हे खरे. त्याला कुशल हात लागतात.

आणि ते हात आपल्याकडे आहेत. बचत गटांत शिवण येणाऱ्या स्त्रिया गावोगावी आहेत, आयटीआयमधून शिवणकाम शिकून मुली बाहेर पडतात, आणि यातील अनेकींना ब्लाउज-फॉलच्या कामापलीकडे काही मिळत नाही. लिस्बनमध्ये बाहुल्यांचे इस्पितळ 1830 पासून चालू आहे, म्हणजे या कामावर पोट भरू शकते. प्रत्येक संकलन केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस एक टेबल, एक शिलाई मशीन आणि मजुरी घेऊन काम करणारी एक प्रशिक्षित स्त्री एवढी सोय महापालिकेला जड जाऊ नये. ही मजुरी कचरा वाहतुकीच्या खर्चातून द्यावी, कारण वाचणारा कचरा तिच्यामुळे वाचणार आहे. नागरिकांनी स्वतःच्या मुलांची खेळणी आणली तर त्यांच्याकडून शुल्क घ्यावे. सेवाभावाने करा असे मात्र या स्त्रियांना कोणी सांगू नये. गवंड्याला किंवा सुताराला आपण तसे सांगत नाही.

तोपर्यंत खेळणी देणाऱ्यांनीही एक करावे. बोलणाऱ्या-गाणाऱ्या टेडीच्या पाठीची चेन किंवा शिवण उघडून बॅटरी काढून घ्यावी आणि ती ई-कचऱ्यात वेगळी द्यावी. चपट्या बटण-बॅटरीबाबत तर हे टाळूच नये, कारण मुलाने ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. निखळलेला डोळा किंवा नाक घरात सापडले तर ते छोट्या पाकिटात घालून टेडीच्या पायाला बांधून द्यावे. दुरुस्तीला बसणाऱ्या बाईचा त्याने अर्धा वेळ वाचेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक