मुक्ताच्या कथेचं काय करू?

नाशिक,
जुलैअखेर

प्रिय शुभे,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘बरं, मग?’ म्हणतेस आणि मी घाईघाईने शेवट सांगून मोकळी होते. इथे शेवटाचाच घोटाळा आहे, तेव्हा सावकाश वाच.

तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे. पाऊस दणदणीत, परवा गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं आणि अर्धं नाशिक रामकुंडावर फोटो काढत उभं. उरलेलं अर्धं सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांवर अडकलेलं.

तर मुक्ता. दादाच्या लेकीला लिहायचं वेड कुणाकडून आलं यावर वहिनी अजून माझ्याकडेच बोट दाखवते. मागच्या महिन्यात तिने एका राज्यस्तरीय कथास्पर्धेला कथा पाठवली. जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरत होती: मध्ये समई, वर सरस्वती, खाली तीन फोन नंबर. संध्याकाळी कथा पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवड झाल्याचं पत्र हजर. ‘आपली कथा परीक्षकांना अत्यंत भावली. विशेषतः कथेचा शेवट मनाला चटका लावून गेला.’ निवडक कथांचा संग्रह निघणार, त्यात हिची कथा, समारंभात सन्मानचिन्ह, शाल, प्रमाणपत्र आणि कसलासा रत्न-भूषण पुरस्कार. सहभाग शुल्क अठ्ठावीसशे रुपये, त्यात संग्रहाच्या दोन प्रती. वहिनीने पेढे आणले. मुक्ताने पत्र स्टेटसला लावलं. तुलाही दिसलं असेल, तू त्यावर टाळ्या वाजवणारे हात पाठवलेस, मी पाहिलं.

रात्री तिने मला ती मेलच पुढे पाठवली, ‘आत्या, तू निवांत वाच’ म्हणून. मी निवांत वाचली. सातव्या पानावर कथा एका वाक्याच्या मधोमध थांबते. ‘आजीने ट्रंकेचं झाकण उघडलं आणि’ एवढंच. पीडीएफ करताना पोरीची शेवटची दोन पानं राहून गेलीत. परीक्षकांना चटका लावणारा शेवट त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही, शुभे!

आधी मी खूप हसले. एकटीच, स्वयंपाकघरात. मग हसू गेलं.

हे तुलाच का लिहितेय ते तुला कळलंच असेल. आपल्याला साभार परत आलेली पाकिटं आठव. परतीचं पाकीट, त्यावर आपलाच पत्ता, आपणच लावलेली तिकिटं. तुझे बाबा प्रेसमध्ये, अख्ख्या देशाची तिकिटं नाशिकरोडला छापली जायची, आणि आपल्याकडे एका पाकिटापुरते पैसे नसायचे. एचपीटी कॉलेजच्या कट्ट्यावर बसून वर्गणी काढलेली आहे आपण त्यासाठी. मग तुझी विहिरीची कथा परत आली, तिच्या समासात संपादकांनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘शेवट पटत नाही. पुन्हा लिहून पाहा.’ तू दोन दिवस जेवली नाहीस. आणि पुन्हा लिहिलीही नाहीस, ते मी तुला अजून माफ केलेलं नाही. ‘मला गरज नव्हती’ हे तुझं उत्तर मला पाठ आहे, परत पाठवू नकोस. पण तो माणूस शेवटच्या ओळीपर्यंत गेला होता ना! कोण कुठली कॉलेजातली मुलगी, तिची बारा पानं त्याने वाचली, त्याला राग आला, त्याने पेन उचललं. मुक्ताच्या बाबतीत तेवढंही कुणी केलेलं नाही.

दादाशी बोलले. तो म्हणाला, ‘अठ्ठावीसशे रुपयांत पोरगी महिनाभर खूश आहे, तुझं काय जातंय? क्लासच्या फीत याच्या दहापट जातात.’ त्याला काय उत्तर देऊ? पैशांचा हिशोब त्याचा बरोबरच आहे. समारंभात फोटो निघेल, आजीच्या भिंतीवर लागेल. कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही, शुल्क घेऊन पुस्तक देतातच ते. माझ्या पोटात दुखतंय ते वेगळंच, आणि ते दादाला समजावता येत नाही.

मग मी आपल्या पद्धतीने त्या जाहिरातीचं पोस्टमॉर्टेम केलं. त्यात ‘आयएसबीएनसह पुस्तक’ असं ठळक अक्षरांत आहे, जणू मोठं मानाचं पान. अगं, तो पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, प्रकाशक अर्ज करतो, लेखकही करू शकतो. क्रमांक मिळाला म्हणजे पुस्तकाची नोंद झाली एवढंच, कुणी ते वाचून पसंत केलं असं नव्हे. शेवटी बारीक अक्षरांत: ‘निवड झालेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ हे तुझ्या वकीलसाहेबांना नक्की विचार. मी 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 19 वाचून काढलं. हक्क द्यायचे तर लेखी आणि देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. आणि घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, व्यवहार आपोआप संपतो. आता ऑनलाइन फॉर्मवर ‘नियम मान्य’च्या चौकोनात टिचकी मारणं ही सही होते का, ते साहेबांनी सांगावं. फी म्हणून पुढच्या खेपेला चिवडा आणीन.

पण खरा घोळ हक्कांचाही नाही. ही कथा त्या संग्रहात छापली की ती उष्टी झाली. बहुतेक चांगल्या ठिकाणी ‘अप्रकाशित’ ही पहिली अट असते, आणि अठ्ठावीसशे भरून छापलेलंसुद्धा प्रकाशितच. कॉमनवेल्थची कथास्पर्धा घे. प्रवेशशुल्क नाही, दोन ते पाच हजार शब्द, अठरा वर्षं पूर्ण हवीत. मराठी त्यांच्या भाषांच्या यादीत नाही (बंगाली आहे, तमिळ आहे, आपल्याला नेहमीप्रमाणे रांगेत मागे ठेवलंय), पण इंग्रजी भाषांतर करून पाठवलेलं चालतं. 2016 मध्ये पराशर कुळकर्णी यांना तिचं मुख्य बक्षीस मिळालं होतं. तिथे कुठल्याही संग्रहात छापून आलेली कथा चालत नाही. मुक्ताची आजीची कथा तिथे जिंकेल असं मी म्हणत नाही. पण जायची शक्यताच आधी घालवून बसायची, तीही न वाचणाऱ्यांसाठी?

प्रत्येक शुल्कवाली स्पर्धा लबाड असते असंही नाही हं. टपालखर्च, बक्षिसं, कुणालातरी पैसे उभे करावेच लागतात. मी आता एवढंच बघते, परीक्षक कोण ते आधी सांगतात का, आणि गेल्या वर्षी ज्यांना बक्षीस मिळालं त्यांच्या कथा कुठे वाचायला मिळतात का. आणि बक्षिसं तीन आहेत की तीनशे. या मंडळींच्या गेल्या वर्षीच्या समारंभाचा फोटो मोठा करून पाहिला. स्टेजवर जेवढी माणसं तेवढ्याच ट्रॉफ्या. प्रेक्षकांत बसलेल्यांच्या मांडीवरही ट्रॉफ्याच.

सावानात, आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन गेल्या दोन वर्षांचे दिवाळी अंक घेऊन बसले. (तिथली आपली खिडकीची जागा एका स्पर्धा परीक्षावाल्या मुलाने बळकावलीय. त्याला मी अशी बघत होते की बिचाऱ्याने उठून मला खुर्ची दिली.) काशिनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथपासून आपल्याकडे नव्या माणसाला हाच दरवाजा. अजूनही अंक शेकड्यांनी निघतात. कुठे कथा चार आणि जाहिराती चाळीस, कुठे फक्त ओळखीच्यांची नावं, पण दहा-बारा तरी असे आहेत की ज्यांत अनोळखी नाव दिसतं. तेवढ्यांचे पत्ते उतरवून घेतले. साहित्य आत्ता, जून ते ऑगस्टमध्येच गोळा होतं. गणपतीनंतर पाठवलेलं पुढच्या वर्षावर जातं, किंवा कुठेच जात नाही. आता युनिकोडमध्ये टाइप करून मेल केलं की झालं. परतीचं पाकीट गेलं आणि साभार परतही गेलं. आवडलं नाही तर कुणी काही कळवतच नाही.

आणि एका वेळी एकाच ठिकाणी! हे मुक्ताला सांगताना तुझंच उदाहरण देणार आहे. एकच कथा दोन अंकांना, दोन्हीकडे छापून आलेली, आणि मग ते पोस्टकार्ड: ‘आपण आमची व वाचकांची दिशाभूल केली आहे.’ उघडं पोस्टकार्ड, पोस्टमनने वाचलं, तुझ्या बाबांनी वाचलं, खालच्या कुलकर्णी काकूंनी वाचलं. त्याचा दोष तू माझ्यावर ढकललास, कारण पेटीत पाकिटं मी टाकली. पाकिटं मी टाकली, पत्ते तू लिहिले होतेस. तीस वर्षं झाली, मी मुद्दा सोडणार नाही.

बाकीचं थोडक्यात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात निघते, हस्तलिखित पाठवायचं, ते तपासून मग प्रकाशनाला अनुदान. पण हिच्याकडे धड पाच-सहा कथा, पुस्तक कुठलं! साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्यांना, तोही छापलेल्या पुस्तकालाच. तेव्हा ते दोन्ही राहू देत. ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन कथांच्या अॅपवर मैत्रिणी लिहितात, तिथे वाचणारे खरोखर असतात, रात्री दोन वाजता ‘पुढचा भाग कधी?’ विचारतात. वाईट काय त्यात? फक्त तिथे टाकलेलंही बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरलं जातं, तेव्हा ही कथा तिथे नको, दुसरी टाक म्हणेन.

आता माझी अडचण. हक्क, उष्टी कथा, दिवाळी अंकांची मुदत, एवढं सांगितलं तरी मुक्ता नाव मागे घेईल. हुशार आहे, ऐकते. त्या दोन पानांबद्दल बोलायची गरजच पडणार नाही. ‘परीक्षकांना आवडली होती, पण मी दिली नाही’ असं ती जन्मभर ऐटीत सांगेल. सांगू दे की! टिळकवाडीत तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, फाटकापर्यंत जाऊन आपण परत फिरायचो आणि मेसवर सांगायचो, ते भेटले नाहीत. आपलं तरी काय वेगळं होतं?

पण मग वाटतं, ती पुढची कथाही अशाच कौतुकाच्या भरवशावर लिहिणार. आजीच्या ट्रंकेत काय निघतं ते मी विचारून घेतलं, उरलेली दोन पानं मागवली. शुभे, शेवट फसलाय. ट्रंकेत पत्रं निघतात. पत्रंच निघणार हे दुसऱ्या पानावर कळतं. पहिली सहा पानं मात्र अशी आहेत की मला तिचा हेवा वाटला. आजी भांडी मोजते तो भाग तर आपल्यापैकी कुणालाच जमला नसता. त्या शेवटाला ‘चटका’ म्हणणारं पत्र तिच्या हातात असताना मी ‘शेवट बदल’ म्हणाले तर आत्या जळते असंच वाटेल. वहिनी तसं म्हणून दाखवेल, तुला वहिनी माहीत आहे.

म्हणून हे पाकीट जाड झालंय. सोबत कथा आहे, नऊच्या नऊ पानं, दोन ओळींत जागा सोडून छापून घेतलीय. वाच आणि समासात लिही. गोड बोलू नकोस, मावशीपणा करू नकोस, जे खटकेल ते सरळ लिही, लाल शाईने. तू जवळची नाहीस, जळायचं तुला काही कारण नाही, आणि बँकेतली मोठी साहेबीण म्हणून तुझा तिला धाक आहे. परतीचं पाकीट आत ठेवलंय, तिकिटं लावून. दिवाळी अंकाची मुदत गाठायची तर आठवड्याभरात परत यायला हवं. तोवर मी तिला हक्कांचंच सांगून थोपवून धरते. सातव्या पानाचं सांगायचं की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवू. ‘तुझं तू बघ’ असं लिहिलंस तर मी रात्रीच्या गाडीने सांगलीला येईन.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं झालं का? ओंकारची जर्मनीची कागदपत्रं आली? नव्या घरात गच्चीवर पाणी साचतं म्हणालीस, त्याचं बिल्डरला लेखी दे, तोंडी बोलून उपयोग नाही. आणि बदलीचं मनावर घेऊ नकोस.

तुझी,
वासंती

ता. क. पाकीट बंद करतेय तोच मुक्ताचा मेसेज. स्पर्धेला लोकाग्रहास्तव मुदतवाढ मिळालीय, आणि तिघी मैत्रिणींनी मिळून भरले तर शुल्कात सवलत. ती आणखी दोघींना विचारतेय. लवकर लिही.