बाय, फोन आमच्याच हातात ठेवलास

प्रिय बाय,

ग्रामपंचायतीत दिवसभर संगणकावर बसून तू लोकांचे दाखले काढून देतेस. ते तुझं कामच. पण ऑफिस सुटल्यावर देवळाच्या सभामंडपात आम्हा बायकांना मोबाइल शिकवायला बसायचीस, ते तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

घरात मुलं, नातवंडं आहेत. पण काही विचारलं की "दे इकडे" म्हणत फोन ओढून घेतात आणि काम करून परत देतात. आपण होतो तिथेच. तू मात्र कधी कुणाचा फोन हातात घेतला नाहीस. शेजारी बसून म्हणायचीस, "काकी, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. आता तुम्हीच सांगा, काय दाबायचं?" भलतंच काही उघडलं तरी तू शांतपणे "मागे या" एवढंच सांगायचीस. मागे येता येतं हे कळलं आणि आमची निम्मी भीती तिथेच गेली.

आंब्याच्या दिवसांत खालच्या वाडीतल्या वहिनींना एकाचा फोन आला. हापूसच्या पाच पेट्या हव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा होतील. तू घोकून घेतलेलं वहिनींना पाठ होतं: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. "पेट्या हव्यात तर बागेत या," म्हणाल्या आणि फोन ठेवला! फसवणूक झालीच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला ताबडतोब कळवायचं, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, हेही तूच सांगितलंस. तो नंबर आता वाडीतल्या बहुतेक घरांत कॅलेंडरवर लिहिलेला आहे.

भाताची ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरून सरकारी नोंद, यंदा मी स्वतः केली. बांधावर उभी राहून फोटो काढला, रेंजसाठी सड्यावर चढले आणि अपलोड केला. सातबारा माझ्या नावावर आहे, त्यावरची पिकाची नोंदही माझ्या हातची आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाडीपलीकडच्या बायकाही शिकायचं म्हणतायत. त्यांना रविवारी देवळात बोलावलंय. सुरुवात मी आणि वहिनी करू, तू नुसती बसून ऐक आणि कुठे चुकलो तर सांग. येताना एक्स्टेंशन बोर्ड तेवढा आण, सभामंडपात एकच प्लग आहे.

तुझी,
वरच्या वाडीतली काकी