तोडफोडीला आजोळ, सुकण्याला सहल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की शहरातल्या सोसायट्यांत फरशा-भिंती फोडणाऱ्या ब्रेकर मशीनची घरघर सुरू होते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती तोवर बऱ्यापैकी वाळलेल्या असतात, कारागीर गावाहून परतलेले असतात. घरात तान्हे बाळ असेल तर एक बेत हमखास ठरतो : शनिवारी सकाळी बाळाला घेऊन महाबळेश्वर नाहीतर अलिबाग गाठायचे, मागे कंत्राटदाराने तोडफोड उरकायची आणि रविवारी रात्री परतायचे. बेत झकास वाटतो, पण साफ उलटा आहे. घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणारा स्थापत्य अभियंता म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक सोसायट्या रविवारी आवाजाचे काम करू देत नाहीत आणि अनेक ठिकाणी शनिवारीही अर्धाच दिवस मिळतो. म्हणजे सहलीच्या दोन दिवसांत जेमतेम तीन-चार तास हातोडा चालतो. खरी तोडफोड सोमवारी सुरू होते आणि तेव्हा बाळ घरात असते. याउलट वॉटरप्रूफिंगचा लेप सुकणे, पाण्याची चाचणी, भिंतीच्या रंगाचा वास जाणे या गोष्टींना आवाज नसतो, कारागीर लागत नाहीत आणि नेमके दीड-दोन दिवस घर मोकळे हवे असते. म्हणून तोडफोडीचे चार-पाच दिवस बाळाने सलग आजोळी किंवा नातलगांकडे राहावे आणि शनिवार-रविवारची सहल सुकण्याच्या दिवसांशी जुळवावी.

बाथरूमचेच उदाहरण घेऊ. पाच फूट बाय सात फुटांच्या बाथरूममधल्या भिंतीच्या व जमिनीच्या फरश्या आणि खालचा भराव काढायला दोन माणसांना दोन-तीन दिवस लागतात. राडारोड्याच्या ऐंशी-शंभर गोण्या निघतात. गोणी भरण्याआधी राडारोड्यावर पाणी शिंपडले नाही, तर ती जिन्यातून उतरवताना धूळ सगळ्या मजल्यांवर बसते. त्यानंतर प्लंबिंग आणि लाइनची दाबचाचणी. मग वॉटरप्रूफिंगचा लेप : आधी जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, मग एकमेकांना आडवे-उभे असे दोन हात, म्हणजे थर. लेप भिंतीवर निदान फूटभर चढवावा आणि शॉवरखाली सहा फुटांपर्यंत न्यावा. पहिला शनिवार-रविवार या लेपाचा. सोमवारी त्यावर पाणी भरायची घाई कंत्राटदार करतो, पण डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होऊ द्यावेत.

दुसरा शनिवार-रविवार पाण्याचा. शुक्रवारी संध्याकाळी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भोकाचे, तोंड घट्ट बंद करून दोन इंच पाणी भरायचे, पातळीवर पेन्सिलीने खूण करायची आणि सोमवारी सकाळी बघायचे. शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण करावी. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले असेल तर ते वाफेने गेले. बादलीपेक्षा जमिनीवरचे जास्त उतरले असेल तर गळती आहे. खालच्या घरच्यांना त्यांचे छत बघायला आधीच सांगून ठेवावे. ही चाचणी २४ तासांत ‘झाली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. बारीक गळतीची ओल खाली उतरायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ४८ ते ७२ तास धरावेत. गळती इथे सापडली तर दुरुस्ती एका हाताच्या लेपात होते. फरशी बसल्यावर सापडली तर पुन्हा ब्रेकर आणि पुन्हा आजोळ.

तिसऱ्या आठवड्यात फरशी. फरशी सरळ कापायची असेल तर चाकाने रेघ मारून तोडणारा हातकटर वापरायला लावावा, त्यात धूळ जवळजवळ नसतेच. वळणाच्या कापासाठी मशीन लागलेच तर पात्यावर पाण्याची धार हवी. कोरड्या कापातून उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीत सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच खनिज, असते. ती फुप्फुसात खोलवर जाते आणि बारीक असल्यामुळे कितीतरी वेळ हवेत तरंगते. गॅलरीत बसून कोरडे कापणाऱ्याला बाहेरच काम चालू आहे असे वाटते, पण वारा आत असेल तर ती घरातच येते. ग्रॅनाइटचा ओटा तर दुकानातूनच मापाने कापून, कडा घासून आणावा. फरशी बसल्यावर निदान २४ तासांनी सांधे भरायचे. एकच बाथरूम असेल तर आजोळचा मुक्काम इथपर्यंत वाढतो. दोन असतील तर एका वेळी एकच फोडावे, कारण पाण्याची मुख्य लाइन बंद असलेल्या घरात बाळाचे कपडे आणि बाटल्या धुणे अशक्य होऊन बसते.

आता रंग. भिंतीच्या लांबीची (पुट्टीची) धूळ डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिला घाबरतात, पण धोका दारे, चौकटी आणि खिडक्यांच्या गजांवर जास्त असतो. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसे असण्याची दाट शक्यता. बाळाच्या शरीरात अन्न-धुळीतले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषले जाते. रांगणारे बाळ जमिनीवरचा हात तोंडात घालते, त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यानंतर काम काढायचे असेल तर खबरदारी दुप्पट हवी.

जुन्या ऑइल पेंटचे पापुद्रे सुटत नसतील तर तो खरवडूच नये. वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून हलका मारावा, ओल्या फडक्याने पुसावे आणि वरून नवा रंग द्यावा. पापुद्रे सुटलेले असतील तर स्प्रेच्या बाटलीने भिजवत पत्रीने (खरवडण्याच्या पट्टीने) काढावेत. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून शेवटी ते आतल्या बाजूला दुमडत गुंडाळून फेकावे. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग जाळणे आणि मशीनने कोरडे घासणे हे दोन्ही प्रकार बाळाच्या घरात नकोतच. पहिल्यात शिशाची वाफ होते, दुसऱ्यात पीठ. काम झाल्यावर झाडू हातात घेऊ नये, कारण झाडूने धूळ हवेत उठते आणि तासाभराने पुन्हा पाळण्यावर बसते. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके धुवायची. पंख्याची पाती, दाराच्या वरच्या कडा, खिडक्यांचे रूळ, मग जमीन अशा क्रमाने पुसावे. पुसणे एकदा पुरत नाही, दुसऱ्या दिवशी बसलेली धूळही पुसावीच लागते.

कामाची खोली आणि राहती खोली यांच्यामधल्या दाराला प्लॅस्टिकचे दोन पडदे एकमेकांवर फूटभर चढवून लावावेत आणि उंबऱ्यावर ओले पोते ठेवावे. कामाच्या खोलीच्या खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावला तर हवा बाहेर ओढली जाते आणि धूळ पडद्याकडे येत नाही. स्प्लिट एसीचे घरातले युनिट प्लॅस्टिकने बांधून ठेवावे, नाहीतर नंतर महिनाभर तो हीच धूळ खोलीत फिरवत राहतो.

भिंतीचा पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग साधारण चार तासांत दुसऱ्या हाताला तयार होतो. शेवटचा हात शुक्रवारी दुपारी मारून खिडक्या उघड्या ठेवल्या तर रविवारी रात्री त्या घरात झोपायला हरकत नसते, तरी बाळाची खोली सर्वांत आधी रंगवून घ्यावी म्हणजे तिला जास्त दिवस मिळतात. पण ही सवलत फक्त इमल्शनला. ऑइल पेंट, लाकडाचे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश, थिनर यांचा वास दोन दिवसांत जात नाही, त्यांना निदान आठवडा द्यावा. शक्य असेल तिथे दरवाजे, कपाटांची पाने कारखान्यातच पॉलिश करून आणावीत. प्लायवुड आणि एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा डोळे-घशाला झोंबणारा वायू बाहेर पडत राहतो, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. म्हणून फर्निचरच्या फक्त दर्शनी बाजूला लॅमिनेट लावून भागवू नये. आतली बाजू, पाठ आणि कापलेल्या कडासुद्धा बंद कराव्यात. सुतार कडा सोडून देतात, कारण त्या दिसत नाहीत.

भिंती उघड्या आहेत तोवर आणखी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, बसवावी. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायर वाचवते, माणसाला बसणारा धक्का ओळखत नाही. दुसरे, बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो बाहेर हवेशीर जागी हलवावा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि बाळाची आंघोळ तर दार-खिडकी लावूनच होते. विजेच्या गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवला की भाजण्याचा धोका बराच कमी होतो.

सहलीबद्दल थोडक्यात. गाडीत बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही. बालआसन मागच्या सीटवर आणि बाळाचे तोंड मागच्या काचेकडे, निदान पंधरा महिन्यांपर्यंत. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना असे आसन ठेवणे जीवघेणे आहे. बसवल्यावर पट्टा जातो तिथे आसन धरून हलवावे, इंचभरापेक्षा जास्त सरकले तर पट्टा ढिला आहे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल तर तोही ढिलाच. थंडीत पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे इथे चुकतात : जाड जॅकेट घालून बाळाला पट्टा लावतात, पट्टा घट्ट वाटतो, पण जॅकेट दबले की आत चार बोटे जागा. जॅकेट काढून पट्टा लावावा आणि वरून पांघरूण घालावे.

घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि बाळ रडते. दूध पाजल्याने दडे सुटतात हे खरे, पण त्यासाठी चालत्या गाडीत त्याला आसनातून काढू नये. सुरक्षित जागा बघून थांबावे. तसेही दर दीड-दोन तासांनी बाळाला आसनातून उचलून आडवे करायला हवे, अगदी तान्ह्याला त्याहून लवकर. म्हणून या वयात दोन-अडीच तासांपलीकडचे ठिकाण निवडू नये. शनिवारी सकाळी मुंबईहून निघून खंडाळ्याच्या घाटात अडकण्यापेक्षा रेल्वे केव्हाही बरी. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीटही लागत नाही.

काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मल बॅगेत २४ तास. पावडरच्या दुधासाठी पाणी ७० अंशांहून गरम हवे, म्हणून चांगला फ्लास्क आणि मोजून ठेवलेल्या पावडरीच्या डब्या वेगवेगळ्या न्याव्यात. तयार दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हॉटेलची खोली ताब्यात घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात : नुकताच रंग दिल्याचा वास येतो का, आणि गॅलरीच्या गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी आहे का. आडवे गज असतील तर गॅलरीचे दार बंदच ठेवलेले बरे.

कामावर नजर टाकायला बाळाला स्कूटरवर पुढे घेऊन चक्कर मारणारे पालकही दिसतात. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरच्याला हेल्मेटही आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये हे नियमात लिहिलेले नसले तरी समजून घ्यायला हरकत नाही. काम बघायला एकाने जावे.

शेवटी सोसायट्यांच्या कार्यकारिणीला एक विनंती. दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जात अनामत रक्कम, कामगारांची ओळखपत्रे, लिफ्टचा वापर, सगळे विचारले जाते. त्यात एक रकाना वाढवावा : वर, खाली किंवा शेजारी एक वर्षाखालचे बाळ आहे का? ज्याच्या घरी काम असते तो बाळाला आजोळी पाठवू शकतो, खालच्या मजल्यावरच्या बाळाला तो पर्याय नसतो. ब्रेकर जवळून शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि स्लॅबमधून खाली त्याचा हादरा पोचतो. अशा इमारतीत ब्रेकरची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ५ एवढीच ठेवावी आणि तोडफोडीच्या तारखा निदान आठवडाभर आधी फलकावर लावाव्यात, म्हणजे खालच्या घरालाही आपला बेत आखता येईल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता,
पुणे