चौदावा सीन

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा चौदाव्या सीनला अडले. 'रात्र. एसटी स्टँड. धो धो पाऊस. गर्दीतून वाट काढत सुधा धावते आणि भावाला हाक मारते.' वाचायला एवढंच. पण लिहिणारी तू आणि दिग्दर्शन करणारीही तूच, तेव्हा ही ओळ सेटवर काय काय मागते ते नीट बघ.

पाऊस कॅमेऱ्याला आपोआप दिसत नाही. मागून प्रकाश आला तरच धारा चमकतात. समोरून दिवा मारलास तर नुसती ओली जमीन दिसते. म्हणजे स्टँडपलीकडे उंचावर मोठा दिवा, जनरेटर, पाण्याचे टँकर. त्या आवाजात हाक धड रेकॉर्ड होणार नाही, ती डबिंगला घ्यावी लागेल. पहिल्या टेकला साडी भिजली की दुसऱ्याला पुन्हा कोरडी हवी, म्हणून एकाच साडीचे निदान तीन जोड, शिवाय केस वाळवायचा वेळ. छत्रीवाला वाइडमध्ये, म्हणजे लांबच्या शॉटमध्ये, डावीकडे आणि क्लोजअपमध्ये उजवीकडे उभा राहिला, तर एडिटिंगला काहीच जुळत नाही. एवढं करून रात्रभरात हाती मोजकेच शॉट लागतात.

आता पाऊस थांबल्यावर सुधाला आण. पत्र्यावरून ठिबकणारं पाणी, रिकामा फलाट, चिखलात टायरची ताजी खूण. तिची हाक स्वच्छ ऐकू येते आणि उत्तर येत नाही. मला हा सीन जास्त लागतो.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत दिग्दर्शन आणि पटकथालेखन हा तीन वर्षांचा एकच अभ्यासक्रम आहे, तो याचसाठी. प्रवेशाचं पुढे बघू. आधी प्रत्येक सीनचा वेगळा कागद कर: आत की बाहेर, दिवस की रात्र, पात्रं, सामान, आणि लांबी, म्हणजे पानाचे किती अष्टमांश. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुझी 148 पानं जवळजवळ अडीच तास होतात. सुधाचं घर नऊ सीनमध्ये येतं, ते सलग शूट होईल. एसटी स्टँड फक्त दोनदा आहे.

कथा कुणाला दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन पटकथा नोंदव. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्याला असतो. पटकथेचे हक्क देण्याच्या करारात मुदत नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) प्रमाणे, घेणाऱ्याने 1 वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते तुझ्याकडे परत येतात, पण करारात वेगळं ठरलेलं नसेल तरच. म्हणून 'कलम 19(4) लागू नाही' अशी ओळ दिसली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

वय निघून चाललंय असं लिहिलंस. दिग्दर्शिका सुमित्रा भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक. 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट 1985 चा, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या 'कासव'ला 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्यांनी पटकथा स्वतः लिहिल्या, आणि अभ्यासात भेटलेली माणसं त्यांत आणली. तूही पाच वर्षं बँकेच्या काउंटरवर माणसं बघतेयस, पण तुझ्या पटकथेत त्यांतलं एकही नाही, हे मला खटकलं.

रविवारपर्यंत लोकेशननुसार लावलेली सीनची यादी पाठव. चौदावा दोन्ही तऱ्हांनी लिही.

तुझी,
आई