संत अँब्रोज यांचे चरित्र अर्धेच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या सणानिमित्त (७ डिसेंबर) आपल्या पुरवणीत आलेला लेख आम्हा वसईच्या कॅथलिकांना सुखावून गेला. इ. स. ३७४ मध्ये याच दिवशी त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. प्रांताचे राज्यपाल असलेल्या या माणसाचा तोवर स्नानसंस्कारही (बाप्तिस्मा) झालेला नव्हता; लोकांनीच आग्रहाने त्यांना त्या पदावर बसवले.

मात्र चर्चच्या दारात उभे राहून ते रोमन सम्राट थिओडोसियसला अडवतात, हा लेखातला प्रसंग पुढच्या पिढीतल्या थिओडोरेट या इतिहासकाराने रंगवलेला आहे. चित्रकार रुबेन्सच्या चित्रामुळे तो जगभर पोहोचला. खरी हकिकत मला त्याहून मोलाची वाटते. ३९० साली ग्रीसमधल्या थेस्सलोनिकात रथशर्यतींतल्या एका लोकप्रिय सारथ्याला कैद केल्यावरून जमाव खवळला आणि त्याने सेनाधिकारी बुथेरिकचा जीव घेतला. बदल्यात सम्राटाच्या हुकमाने हजारो नागरिकांची कत्तल झाली. अँब्रोज यांनी सम्राटाची भेट टाळली आणि फक्त त्यानेच वाचावे म्हणून स्वहस्ते पत्र लिहिले: प्रायश्चित्त घ्या, तोवर तुमच्यासमोर मी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करू शकत नाही. जाहीर तमाशा नाही, अपमान नाही, पण माघारही नाही. थिओडोसियसने राजवस्त्रे उतरवून भर चर्चमध्ये अश्रू ढाळले, हे पुढे त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोज यांनीच सांगितले आहे.

लेखात एक प्रसंग मुळीच नाही, आणि तो गाळायला नको होता. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले. तिथल्या बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावे, असा सम्राटाचा आदेश होता. तो न्याय्यच होता. अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून आणि आपले सारे वजन वापरून तो मागे घ्यायला लावला. ज्यांनी युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी चर्चची सोन्याची पात्रे वितळवली, त्यांनाच शेजारधर्मीयांचे जळलेले मंदिर दिसले नाही, याचे मला श्रद्धावंत म्हणून दुःख होते. संतांवरचे आमचे प्रेम इतके लेचेपेचे नाही की हे वाचून ते आटेल. उलट, मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारतात, तेव्हा पूर्ण चरित्र हाताशी असावे लागते.

अँब्रोज यांची ही दोन्ही पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांचा मराठी गोषवारा आपण शेजारी शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई