फ्लाइट लेव्हल म्हणजे फूट नव्हे

संपादक महोदय,

विमान दुर्घटनेच्या बातम्यांत 'फ्लाइट लेव्हल 60'ला (एका ठरावीक प्रमाण दाबापासून शेकडा फुटांत मोजलेल्या पातळीला) दोन शून्ये जोडून 'सहा हजार फूट उंचीवर' असे अनेकदा छापले जाते. ही चूक किरकोळ नाही.

विमानातला उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. कोणत्या दाबाला शून्य धरायचे, ते वैमानिक लावतो. विमानतळाच्या आसपास तिथला त्या वेळचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब, लावतात; मग समुद्रसपाटीपासूनचे फूट दिसतात आणि डोंगर-मनोरे टाळता येतात. वर मात्र सगळ्यांनी 1013.25 हेक्टोपास्कल हाच प्रमाण दाब लावायचा, कारण तिथे महत्त्व विमानाविमानांतल्या अंतराला. चढताना हा बदल होतो ती ट्रान्झिशन अल्टिट्यूड. अमेरिकेत ती 18,000 फूट, ऑस्ट्रेलियात 10,000, युरोपात बऱ्याच ठिकाणी पुष्कळ खाली. उतरताना बदल होतो ट्रान्झिशन लेव्हलला, आणि ही दाबानुसार सरकते.

ती सरकली नाही तर काय होईल? समजा ट्रान्झिशन अल्टिट्यूड 5,000 फूट आणि क्यूएनएच 985. एका हेक्टोपास्कलला सुमारे 28 फूट धरले, तर 28 हेक्टोपास्कलचे जवळपास 780 फूट होतात. म्हणजे लेव्हल 60 वरचे विमान प्रत्यक्षात 5,220 फुटांच्या आसपास. खाली 5,000 वर दुसरे असेल, तर आकड्यांत अंतर हजार फूट, हवेत जेमतेम सव्वादोनशे. म्हणून अशा वेळी हजार फूट राखायला 70 ची लेव्हल लागते.

रेडिओवर नियंत्रक 'अल्टिट्यूड' म्हणतो तेव्हा क्यूएनएचही सांगतो आणि वैमानिक तो परत उच्चारतो. ऐकण्यातली चूक त्यामुळे पकडली जाते, सांगण्यातली नाही. 23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका विमानाला 1001 ऐवजी 1011 सांगितला गेला. वैमानिकांनी 1011 च परत म्हटला. उतरणीचा मार्ग दाबावरच बेतलेला असल्याने विमान सुमारे 280 फूट खालून आले आणि धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून 6 फुटांवर पोचले. मिळालेला क्यूएनएच एटीआयएसच्या, म्हणजे विमानतळाची हवामान वगैरे माहिती रेडिओवर देणाऱ्या सेवेच्या, ध्वनिमुद्रित माहितीशी ताडून पाहणे हाच यावरचा साधा उपाय, आणि तो दर वेळी करायलाच हवा.

विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरची उंचीही बहुधा 1013.25 वरच मोजलेली असते. विमानातला ट्रान्सपॉन्डर (आपोआप माहिती पाठवणारे रेडिओ यंत्र) तीच पाठवतो. म्हणून विनंती अशी, की फ्लाइट लेव्हल तशीच छापावी, आणि विमानतळाजवळच्या घटनेत फूट द्यायचे असतील तर आधी त्या वेळचा क्यूएनएच पाहून आकडा दुरुस्त करावा.

आपला,
विमान संचालन क्षेत्रातील एक वाचक