धारेआधीची गोळी

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

तीर्थरूप आई आणि आण्णा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून हिनं पत्र का लिहिलं, असं वाटेल. फोनवर आण्णा "व्हय व्हय, कळलं" म्हणतात आणि वैरणीला निघून जातात. कागद दोनदा वाचता येतो.

मागच्या वेळी आले होते तेव्हा देवळीतला बिस्किटाचा डबा उघडून बघितला. दोघांच्या गोळ्या एकातच. काही स्ट्रिपा कात्रीनं अशा कापलेल्या की नावच गेलंय. मी काही न बोलता झाकण लावलं आणि एसटी गाठली. तेव्हापासून ते मनातून जात नाही. बारा वर्षं नर्सिंगच्या पोरींना फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र शिकवते, आणि आपल्याच घरचा डबा बघायला मला इतकी वर्षं लागली.

मंगळवारी वर्गात चंदगडकडची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, औषध डॉक्टर लिहितात, आम्ही फक्त द्यायचं. मग हाफ लाइफ कशाला पाठ करायची?" पोरगी धीट आहे, मला आवडते. तिला उत्तर म्हणून जे सांगितलं, ते तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. दवाखाना कुठला ते राहू दे. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या असतात: एका मिलीला 40 युनिट, नाहीतर 100. सिरिंजही वेगवेगळ्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी. एका म्हाताऱ्याला 24 युनिट द्यायचं होतं. मी लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि 24 च्या रेघेपर्यंत भरली. बाटली 100 ची होती. म्हणजे सिरिंजमध्ये 60 युनिट आलं होतं, अडीच पट. त्यांचा नाष्टाही अजून आला नव्हता. थोरल्या सिस्टरनं माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाटलीवरचं वाच." त्या रविवारी घरी येऊन मी तांबड्या रश्श्याला हात लावला नव्हता, आठवतंय आई? पोट दुखतंय म्हणाले होते. पोट दुखत नव्हतं.

असो. हाफ लाइफचं सांगते, कारण ते आईचंच आहे. (वर्गात तुझं नाव घेतलं नाही, "एक बाई" म्हणाले. पोरी हसल्या, त्यांना कळलं असावं.)

आई, थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर दहाव्या दिवशी तू रक्त तपासून आलीस. आकडा फारसा हलला नाही म्हणून "ह्या डॉक्टरचं औषध लागू पडत नाही" असं गल्लीभर सांगितलंस. ते औषध शरीरातून अर्धं कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो, हीच त्याची हाफ लाइफ. अशा औषधाची रोजच्या गोळीनं हळूहळू साठवण होते आणि पातळी एका जागी ठरायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची. डॉक्टर बिचारा बरोबर होता.

त्यात तू ती गोळी चहाबरोबर घेतेस आणि मागोमाग कॅल्शियमची. कॅल्शियम त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चहाही गोळीनंतर निदान अर्ध्या तासानं. तासभर थांबलीस तर उत्तमच.

आता आण्णा. तुमच्या पायाला सूज आली ती मीठ जास्त झालं म्हणून, असं तुम्ही ठरवून टाकलंत. तुमच्या बीपीच्या गोळीत दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. ही गोळी चालू आहे हे तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलंच नाही, सूज तेवढी दाखवली, आणि त्यांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. म्हणजे एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध. त्यावर गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक.

हे तिन्ही एकत्र का नको, ते तुम्हाला वर्गातल्या पोरींपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही जन्मभर उसाला दारं धरलीत. किडनी म्हणजे एक वाफा समजा. त्यात पाणी तुंबलं, दाब राहिला, तरच गाळण होते. लघवीच्या गोळीनं पाटातलंच पाणी कमी झालं. गुडघ्याच्या गोळीनं वाफ्यात पाणी येण्याची वाट आवळली. टेल्मिसार्टननं बाहेर जायची वाट मोकळी केली. एरवी ती मोकळी असणं बरंच असतं, पण वरून पाणीच नसलं तर वाफा भरणार कसा? सत्तरीत किडनीची ताकद मुळात कमी झालेली असते. तुम्हाला कळायच्या आत नुकसान होऊन जातं, कारण दुखत काहीच नाही.

म्हणून गुडघ्याची गोळी आजपासून बंद. ठणका फारच लागला तर पॅरासिटामॉल, तेही मला विचारून. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं सोडायची नाही. सूज आहे म्हणून तर नाहीच नाही. तिच्याऐवजी दुसरी द्यायची की काय, ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या सोमवारी दोघं कोल्हापूरला या. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घेऊ, मी रजा काढली आहे. आणि ते "कमी सोडियमचं" मीठ कुणी आणून दिलं असेल तर वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनबरोबर ते रक्तात वाढू शकतं.

येताना डबा तसाच आणा. आई, आवरून, पुसून, गोळ्या लावून आणू नकोस. कापलेल्या स्ट्रिपाही हव्यात, मी रंगावरून आणि कोरलेल्या अक्षरांवरून ओळखायचा प्रयत्न करीन. ज्या ओळखता येणार नाहीत त्या टाकून देऊ. आण्णा, "पैशाच्या आहेत" म्हणायचं नाही.

गोळीची वेळ मी ठरवून ठेवली आहे. पहाटे उठलीस की तोंड धुऊन आधी थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. मग म्हशीकडे जायचं. धार काढून, डेअरीला दूध घालून येईपर्यंत तास होतोच. मग चहा. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. घड्याळ बघायला नको, म्हैस आठवण करून देईल.

तुमची,
थोरली

ता. क. सोमवारी रक्त द्यायचं आहे म्हणून आण्णांनी रविवारपासून उपास धरू नये. या तपासण्यांना उपाशीपोटी यावं लागत नाही.